पिकलेल्या केळ्यांचा मनोरा

मला पाहायला आलेल्या मुलाने चहा निवायच्या आत आमच्या घरात एक मनोरा उभा केला आणि तो माझ्या आत्याच्या रेशमी साडीवर पाडला. आमचं लग्न कसं ठरलं, असं कोणी विचारलं की मी इथूनच सुरुवात करते. याच्या आधी माझ्या लग्नाच्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आम्ही वसईजवळच्या सांडोरचे. घरामागे वाडी आहे. केळी, पानवेल, थोडी भाजी, कडेला नारळ. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि ज्या वाडीत ते आधी फक्त सकाळ-संध्याकाळ डोकावायचे तिथेच दिवसभर राहू लागले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये एका दवाखान्यात कामाला होते आणि दिवसभर लोकांचे गुडघे वाकवत होते. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो आणि पाहुणे आले की शाळेतली मराठी बाहेर काढतो. ही गोष्ट पाहुण्यांमुळेच घडली, म्हणून सगळ्यांचं बोलणं मी त्याच मराठीत लिहिते आहे.

स्थळ आत्याने आणलं होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या शब्दाला आमच्याकडे मान, आणि तिच्या आवाजाला त्याहून जास्त. "मुलगा इंजिनिअर आहे. विरारला, फुलपाड्यात स्वतःचं घर. वडील नाहीत, आई शाळेत शिकवत होती. मुलगा अगदी शांत. तोंडातून शब्द म्हणून काढत नाही," असं तिने सांगितलं होतं. या शेवटच्या वाक्याची आठवण बाबा तिला अजून करून देतात.

रविवारी सकाळी मायलेक आले. मुलगा उंच, किडकिडीत. शर्ट इतका नवा की घड्यांच्या रेघा तशाच. बसल्यावर तो खरोखरच गप्प होता. त्याच्या आईने वाडीची चौकशी केली, माझ्या आईने वसईच्या वाढत्या उन्हाची, आत्याने दोन्ही बाजूंची ओळखीची माणसं शोधून काढली. मी पोहे दिले आणि समोरच्या खुर्चीत बसले. मग बाबांनी, काहीतरी विचारायला हवं म्हणून, विचारलं, "तुमचं काम नेमकं काय असतं?"

"लोखंडावर लेप देतो," तो म्हणाला.

आत्याने चमचा खाली ठेवला. "म्हणजे इंजिनिअर आहे हो तो. रंगारी नाही."

"दिसायला रंगासारखंच असतं कधी कधी," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण ते आगीसाठी असतं. गोदामं, कारखाने, मोठ्या इमारती, जिथे लोखंडी खांब आणि तुळया असतात तिथे. आग लागली तर लोखंड पटकन तापू नये म्हणून."

बाबांना हे पटलं नाही. "लोखंडाला आगीची काय भीती? लाकूड जळतं, ते ठीक आहे. आमचा लोखंडी तवा रोज आगीवर असतो. त्याला काय होतंय?"

"तव्याच्या डोक्यावर कोणी तीस मजले ठेवत नाही, काका."

बाबा हसले, आणि पुढे सरकून बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबा खुर्चीत पुढे सरकले की घड्याळाकडे बघण्यात अर्थ नसतो.

"मग एक सांगा," ते म्हणाले. "अमेरिकेतले ते दोन मनोरे. ज्यांच्यावर विमानं घातली. टीव्हीवर पाहिलं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. विमान घुसलं वरच्या मजल्यांत. वरचे मजले मोडले असते तर समजलं असतं. पण सबंध मनोरा, पार तळापर्यंत, सरळ खाली कसा बसला?"

त्याच्या आईने हळूच त्याच्या कोपरावर हात ठेवला. ती खूण होती, हे मला पुढे कळलं. त्याला त्या वेळीही कळलं नाही. तो टीपॉयकडे बघत होता.

"तुमच्याकडे पेले किती आहेत?" त्याने माझ्या आईला विचारलं.

आईला वाटलं, पाणी हवंय. तिने स्टीलचे पेले भरून आणले. त्याने सगळ्यांचं पाणी पुन्हा कळशीत ओतलं, आणखी पेले आणि दोन मोठी ताटं मागवली, टीपॉयवर सहा पेले उपडे मांडले, त्यावर एक ताट ठेवलं. ताटावर आणखी सहा पेले, त्यावर दुसरं ताट. सगळ्यात वर लाडवांची बशी, चिवड्याचा वाडगा आणि कोकम सरबताचा जग. सरबत कोणी प्यायलं नव्हतं. ते वर जाताना आम्ही नुसते बघत राहिलो.

"हा तुमचा मनोरा. आता हे विमान." त्याने वरच्या मजल्यातला कडेचा एक पेला टिचकी मारून उडवला. ताट हललं, सरबत डचमळलं, पण पडलं काही नाही.

"पडलं?" त्याने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"त्या पेल्याचा भार कोणी घेतला?"

"शेजारच्यांनी."

"बरोबर. तिथेही तेच झालं. धडकेने बरेच खांब तुटले, तरी मनोरे पडले नाहीत. उरलेल्या खांबांनी भार वाटून घेतला. एक मनोरा जवळजवळ तासभर उभा होता, दुसरा त्याहून पुष्कळ जास्त. नुसत्या विमानाने ते पडलेच नाहीत."

आता त्याचा चेहरा पार बदलला होता. शर्टाच्या घड्या तशाच होत्या, पण आतला माणूस जागा झाला होता. मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा.

"मग लोखंड वितळलं असणार," बाबा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात. वितळायला फार मोठी आग लागते, तेवढी ती नव्हती. आणि वितळायची गरजच नसते." त्याची नजर बाजूच्या टेबलावर ठेवलेल्या, आमच्याच वाडीतल्या राजेळी केळ्यांवर गेली. "केळ्यांचं तुम्हाला मी काय सांगणार. कच्चं केळं कडक असतं. पिकलं की आकार तोच, उंची तीच, लांबून बघणाऱ्याला काही फरक वाटणार नाही. पण त्याच्यावर वजन ठेवा. लोखंडही आगीत असंच पिकतं. उभं दिसतं, आणि निम्मी ताकद गेलेली असते."

एवढं बोलून त्याने सुरी मागितली. बाबांनी उत्साहाने आणून दिली. दोघांनी मिळून पिकलेल्या राजेळ्यांचे पेल्यांच्या उंचीचे तुकडे केले, वरचं ताट बाबांनी उचलून धरलं, त्याने उरलेले पेले काढून त्यांच्या जागी केळी उभी केली. "सोडा आता. हळू."

बाबांनी ताट सोडलं. उभं राहिलं.

"बघत राहा," तो म्हणाला. "पोट सुटेल त्यांना."

आणि खरंच, केळ्यांची पोटं हळूहळू फुगायला लागली. आम्ही सगळे वाकलो. कधी नव्हे ती आत्याही पुढे झुकली, अगदी टीपॉयच्या कडेशी. एक केळं बाहेरच्या बाजूला वाकलं, शेजारच्याने क्षणभर तग धरला, मग सगळीच एकदम बसली. वरचं ताट लाडवांसकट खालच्या ताटावर आदळलं, त्या दणक्याने खालचे पेले सटकले आणि चिवडा, लाडू, कोकम सरबत असं सगळं आत्याच्या मांडीवर गेलं.

एक पेला गडगडत दारापर्यंत गेला.

"हेच," तो म्हणाला. त्याचं लक्ष अजून ताटांकडेच होतं. "वरचं ताट कोणी अलगद आणून ठेवलं असतं, तर खालच्या पेल्यांनी ते पेललं असतं. आधीही तेच पेलत होते ना? पण ते पडलं. ठेवलेलं वजन आणि पडलेलं वजन यांत फार..." मग त्याला आत्या दिसली. "सॉरी, आत्या."

"मी याला घरून बजावून आणलं होतं," त्याची आई अगदी बारीक आवाजात म्हणाली.

आत्या साडी धुवायला गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना मागे वाडीत पाठवलं. पानवेलीच्या मांडवाशी तो हात मागे बांधून उभा राहिला. शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," तो म्हणाला. "पगार वगैरे."

मला पगार विचारायचा नव्हता. मला वेगळाच किडा चावला होता. "त्या दोन मनोऱ्यांतला ज्याला नंतर धडक बसली, तो आधी पडला ना? मी ऐकलंय तसं कुठेतरी. असं का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आजवर कोणी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि घरातून आत्याची हाक आली, "चला, पाहुण्यांना उशीर होतोय!" पाहुण्यांना मुळीच उशीर होत नव्हता.

ते गेल्यावर घरात आत्याचाच आवाज होता. "पहिल्याच भेटीत घर पाडून दाखवलं! शुभ बोलायचं सोडून मेलेल्या माणसांच्या गोष्टी! उद्या मांडवात काय करील हा?"

"मुलगा वाईट नाही," आई म्हणाली. "पण लाडू सगळे फुटले."

बाबा खाली बसून चिवडा गोळा करत होते. दुसऱ्या दिवशी आत्याने 'योग दिसत नाही' असा निरोप कळवून टाकला आणि विषय मिटला.

मिटला म्हणजे तिच्यापुरता. मी दवाखान्यात गुडघे बघत होते आणि मला पेले दिसत होते. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून एक बाई यायच्या. त्यांच्या गुडघ्याला बाजूने आधार देताना मनात यायचं, हा खांब दबून मोडत नाही, हा बाजूला वाकून मोडतो. केळ्याचंही तेच झालं होतं. मग तो दुसरा मनोरा आधी का वाकला? प्रश्न साधा होता. उत्तर कुठेतरी शोधून वाचता आलं असतं. पण मला ते वाचायचं नव्हतं. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि हे कळायला मला तो सबंध आठवडा लागला.

एका सकाळी मी वाडीत गेले तर बाबा घड लागलेल्या केळीला बांबूचा टेकू देत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, पेट्रोल किती वेळ जळतं गं?"

"कसलं पेट्रोल?"

"विमानातलं. कितीही असलं तरी सांडलेलं तेल ते, भसकन पेटून संपणार. मग तासभर कसली आग चालली होती? हे त्याला विचारायचं राहिलं."

"आता निरोप गेलाय, बाबा."

"निरोप लग्नाचा गेलाय," बाबा टेकू ठोकत म्हणाले. "प्रश्नाचा कुठे गेलाय?"

त्याचा नंबर बाबांनी निघतानाच घेऊन ठेवला होता. मी दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून फोन लावला. "मी सांडोरहून... म्हणजे तुम्ही लाडू..." असं काहीतरी माझ्या तोंडातून निघालं.

"ते खालच्या मजल्यांत धडकलं होतं," पलीकडून लगेच आवाज आला.

"काय?"

"नंतरचं विमान. ते पहिल्यापेक्षा बरंच खाली शिरलं, आणि एका बाजूला. म्हणजे मोडलेल्या मजल्यांच्या डोक्यावर वजन जास्त होतं. म्हणून तो आधी गेला." मग थोडा थांबून तो म्हणाला, "तुमच्या वाडीतून निघाल्यापासून हे सांगायचं राहिलं होतं."

मी जिन्यात बसलेच.

"बाबांनाही एक विचारायचंय," मी म्हणाले.

"मग या रविवारी साइटवरच या ना. वसई पूर्वेला गोदामाचं काम चालू आहे. रविवारी यंत्रं बंद असतात, नीट बोलता येईल."

त्या रविवारी मी स्कूटरवर बाबांना मागे बसवून निघाले. आईला खरं सांगितलं होतं, आत्याला सांगितलं नव्हतं. बाबांनी डोक्यावर हेल्मेट आणि हातात त्याच्या आईसाठी राजेळ्यांची फणी घेतली होती. "ही फक्त खायला आहे म्हणावं," ते वाटेत दोनदा म्हणाले.

गोदाम म्हणजे नुसता सांगाडा होता. लोखंडी खांब, वर आडव्या तुळया, छप्पर अर्धं. निम्मे खांब उघडे आणि निम्म्यांवर राखाडी, खरबरीत थर, भिंतीवर कापसाचा लगदा फासावा तसा. त्याने आम्हाला पिवळ्या टोप्या दिल्या आणि त्या थरावर माझा अंगठा दाबायला लावला. थर मऊ होता. अंगठ्याने जरा खरवडला तर भुगा पडला.

"एवढाच?" बाबा म्हणाले. "हा आगीला अडवणार?"

"अडवणार नाही. उशीर करणार. आत लोखंडापर्यंत धग पोचायला वेळ लागतो, तेवढीच याची कामगिरी." त्याने पडलेल्या भुग्याकडे बोट दाखवलं. "आणि तिथे विमानाने जे केलं ते हे. खांब तोडले ते तर सगळ्यांना दिसलं. पण जे तुटले नाहीत त्यांच्या अंगावरचा हा लेपही झडून गेला. उघडं लोखंड आणि समोर आग."

"पण तेल तर लवकर संपलं असेल," बाबांनी आपला प्रश्न काढला.

"काही मिनिटांत. तुमचं बरोबर आहे. ते काडी लावून गेलं. पुढे जळत राहिलं ते ऑफिसातलं सामान. टेबलं, खुर्च्या, गालिचे, कागद. ते एका मजल्यावर नाही, एकदम कितीतरी मजल्यांवर. आणि पाणी मारणारे नळही धडकेत तुटलेले."

बाबांनी मान हलवली. आठवडाभर अडकलेली गाठ सुटावी तशी.

मग मी विचारलं, "खांब बाहेरच्या बाजूला वाकले की आत?"

तो थांबला. "हे का विचारलंत?"

"तुमची केळी बाहेर वाकली होती. माणसाचा गुडघा ज्या बाजूला ओढ असते त्या बाजूला जातो. इथे ओढ कुठून होती ते कळत नाही."

त्याने इकडे-तिकडे पाहिलं. दोन खांबांमध्ये कामगारांनी कपडे वाळत घालायला दोरी बांधली होती. त्याने एक जाड ओलं पोतं उचलून तिच्या मधोमध टाकलं. दोरी झोळीसारखी खाली आली.

"ही तुमची जमीन. मजल्याची. तापली की तिचा ताठपणा जातो आणि ती मधून लोंबते. आता दोरीची टोकं बघा. कुठे ओढतायत?"

"आत," मी म्हणाले. "खांबांना आत ओढतायत."

"बाहेरच्या ओळीतले खांब असेच आत ओढले गेले. तापलेले, वर भार, आणि बाजूने ओढ. तुमच्या भाषेत सांगायचं तर..."

"गुडघा गेला."

"गुडघा गेला," तो म्हणाला. तो इतका खूश झाला की बाबांना खोकला आला. "मग वरचा सबंध भाग खाली आला. त्याला पेलायची ताकद खालच्या कुठल्याच मजल्यात नव्हती. ते मजले चांगलेच होते, पण ते उभं वजन पेलायला बांधलेले होते. पडणारं वजन नाही."

"आणि मग एकेक मजला कसा तुटत गेला?"

"ते इतकं बारीक मला माहीत नाही," तो म्हणाला. "आतून कोणी पाहिलेलं नाही. हिशेब मांडणाऱ्यांनी मांडलेत, मी वाचलेत, पण छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही."

मला आठवतं, मी त्याला मनातल्या मनात होकार दिला तो इथे. आधीच्या स्थळांपैकी एकाही मुलाने माझ्यासमोर 'माहीत नाही' हे शब्द उच्चारले नव्हते.

बाबा खांब बघत पुढे गेले. मुद्दाम गेले, हे आम्हा दोघांनाही कळलं. मी म्हणाले, "माणसांचं काय झालं असेल, हे तुमच्या मनात येत नाही का? तुम्ही पेल्यांसारखं सांगता सगळं."

पोतं काढून त्याने नीट घडी करून ठेवलं.

"तेच जास्त येतं," तो म्हणाला. "जिने सगळे मधोमध होते, जवळजवळ. धडक बसली तिथल्या वरच्या लोकांना खाली यायला वाटच राहिली नाही. एका मनोऱ्यात एक जिना कसाबसा उरला होता, त्याने अगदी थोडे उतरले. पण धडकेच्या खालचे जे होते, त्यांतले बहुतेक वाचले. हजारो माणसं चालत खाली आली. का आली? कारण इमारत तेवढा वेळ उभी राहिली. मनोरा पडला हे सगळ्यांना आठवतं. तो मोडलेल्या अंगाने किती वेळ उभा होता, हे कोणी सांगत नाही." त्याने त्या राखाडी थरावर हात फिरवला. "लोक मला रंगारी म्हणाले तरी चालतं. यातून कोणाला दोन जिने उतरण्याइतका वेळ मिळाला तरी माझं काम झालं."

पूर्वेच्या बाजूने मोठ्या गाड्यांचे आवाज येत होते. बाबा लांबून ओरडले, "या तुळईवर लेप राहिलाय का हो?" तो धावत गेला. खरंच राहिला होता.

परतताना हेल्मेटमधून बाबा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. फक्त त्याच्यासमोर ताटं ठेवायची नाहीत."

मला हाच मुलगा हवा, हे आत्याला सांगायचं काम आईने केलं. आत्या आधी चिडली, मग रुसली, मग म्हणाली, "फिरवायचाच होता तर निरोप मला कळवू कशाला दिलात?" यात तथ्य होतं. शेवटी बाबांनी तिला नवी साडी आणली, आधीच्या साडीवरचे डाग गेले नाहीत म्हणून, आणि ती नेसून ती आमच्याबरोबर फुलपाड्याला यायला तयार झाली. "पण मी दाराजवळ बसेन," असं तिने आधीच बजावलं.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दाट वस्तीत. गॅलरीतून हात लांबवला तर समोरच्या घरातली तुळस खुडता यावी. त्याच्या आईने दार उघडलं, आम्हाला बसवलं आणि चहा आणला. कागदी कपात. मग उपमा आला, कागदी बशांत. पाणी आलं ते प्लास्टिकच्या बाटल्यांतून. टीपॉय नव्हताच. मधली जमीन मोकळी, पुसून लख्ख.

आत्याने आजूबाजूला पाहिलं. "नव्या घरात आलात वाटतं?"

"छे हो," त्याची आई म्हणाली. "वीस वर्षं इथेच आहोत. घरातले सगळे पेले मी कपाटात कुलूप लावून ठेवलेत. टीपॉय शेजारी दिलाय."

मग आत्या जी हसायला लागली, ती थांबेचना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याची आईही हसू लागली आणि दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या. मुलगा लाल होऊन कागदी कपाकडे बघत होता. आत्याने डोळे पुसले आणि त्याला विचारलं, "आता पुढे काय पाडणार आहेस ते तरी सांग." अहो-जाहो संपलं होतं, तेव्हा ठरलंच म्हणायचं.

लग्न वसईतल्या एका हॉलमध्ये झालं. विधी नीट पार पडले. संध्याकाळी स्वागत समारंभाला आम्ही दोघं मंचावर उभे होतो, समोर माणसांची रांग, फोटोवाला 'इकडे बघा' म्हणतोय, आणि नवरदेवाची मान सारखी उजवीकडे वळतेय.

"काय बघतोयस?" मी दातांतून विचारलं.

"तो दरवाजा."

उजव्या बाजूला हॉलचा दुसरा दरवाजा होता, आणि त्याला अगदी चिकटून केटररने आइस्क्रीमचा मोठा काउंटर लावला होता. त्याच्यामागे खोकी, फ्रीजर, गुंडाळलेला गालिचा. हॉल माणसांनी भरलेला आणि आत-बाहेर जायला एकच दार उघडं.

"आज नको," मी म्हणाले.

"नको तर नको," तो म्हणाला, आणि पुढच्या पाहुण्यांशी हात मिळवला. पण मान पुन्हा वळली. मला तो गोदामातला चेहरा आठवला. मी मंचावरूनच आत्याला खूण केली. आत्या आली, मी तिच्या कानात सांगितलं. मला वाटलं, रागावेल. तिने पदर खोचला, बाबांना हाक मारली आणि दोघं तिकडे निघाले.

केटरर म्हणत होता, "ताई, एवढ्यात कुठे हलवू? लोक खातायत." आत्याचा आवाज सनईच्या वरून ऐकू आला, "लोकांना बाहेर जायला वाट नको? आमचा जावई इंजिनिअर आहे, त्याने सांगितलंय!" बाबांनी स्वतः गालिचा उचलला. दोन-चार पाहुणे मदतीला धावले, खोकी बाहेर गेली, काउंटर भिंतीकडे सरकला आणि दार सताड उघडलं. बाहेरची गार हवा आत आली.

पाहुण्यांचा मात्र समज झाला की आइस्क्रीमसाठी दुसरी रांग सुरू झालीय. बघता बघता दोन्ही बाजूंनी रांगा लागल्या आणि आइस्क्रीम जेवणाच्या आधीच संपलं. सगळे पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं उपाशी, दमलेले, जेवायला बसलो, तेव्हा आत्या आली. तिने आमच्यासाठी दोन कप स्वयंपाकघरातल्या बर्फात दडवून ठेवले होते. पार वितळले होते, पण चमच्याने खाण्यापेक्षा पिणंच सोपं गेलं.